बहिणींच्या सह्या आणि माहेरचे नाते

कृष्णाकाठ (मूळ लेखन)

वडील गेल्यानंतर वर्षभरात बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोड पत्रावर त्यांच्या सह्या घ्यायच्या, ही रीत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी घरात चर्चासुद्धा होत नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातील गावात हे काम बहुतेक वेळा भाऊबिजेनंतर उरकतात, कारण बहिणी माहेरी आलेल्याच असतात. तालुक्याला जीप जाते, फोटो निघतो, अंगठा लावला जातो. दस्तलेखनिकाने आधीच टाइप करून ठेवलेल्या मजकुरात ‘राजीखुशीने, विनामोबदला, कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे शब्द असतात, पण सही करणारीला ते बहुधा कोणी वाचून दाखवत नाही. परतताना साड्यांच्या दुकानात थांबणे ठरलेलेच असते.

शहरे, नोकऱ्या आणि पैसा यांमुळे रक्ताची नाती विरळ झाली, हे गाऱ्हाणे मी नेहमी ऐकते. माझे मत वेगळे आहे. भावाबहिणीच्या नात्याला पूर्वीही एक अट होती आणि ती एकट्या बहिणीने पाळायची होती. ती वाटा मागत नसे, म्हणून तिला दिवाळीची साडी, पहिले बाळंतपण आणि चार दिवसांचे माहेरपण मिळे. 1994 मध्ये महाराष्ट्राने आणि 2005 मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, तेव्हा ही अट उघडी पडली. बहिणीने हिस्सा मागताच जे नाते तुटते, ते कायद्याने तोडले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कोरडवाहू

ताई, आपले लेखन वाचून वाईट वाटले, कारण त्यात भाऊ फक्त सही घेणारा दिसतो. मी बीड जिल्ह्यात शेती करतो. आम्ही दोन भाऊ, तीन बहिणी आणि साडेचार एकर रान. 2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर होते. आमच्यासारख्या कोरडवाहू रानाचे पाच वाटे केले तर एकाचेही पोट भरणार नाही. तिन्ही बहिणींच्या लग्नांत सोने आणि मानपान झाले, त्यासाठी विहिरीजवळचा तुकडा विकला गेला आणि राहिलेले कर्ज आम्ही भावांनी फेडले. तो खर्च वाट्यात धरायचा की नाही, याचे उत्तर कायदा देत नाही.

दुसरे म्हणजे आईवडील. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे, पण रात्री दोन वाजता धाप लागलेल्या वडिलांना मोटारसायकलवर मधे बसवून, मागून भावाने धरून, तालुक्याच्या दवाखान्यात आम्हीच नेत होतो. त्यांची पथ्ये दोन्ही सुनांनी सांभाळली, आणि त्यांचा त्या मिळकतीत थेट हक्क नाही. त्यानंतर एके दिवशी बेलिफ बहिणीच्या दाव्याचे समन्स घेऊन दारात येतो, तेव्हा जे मोडते ते पुढे कोणत्याही हुकूमनाम्याने सांधत नाही. हा अनुभव माझ्या सख्ख्या चुलत्यांच्या घरातला आहे. तिथे आज भाऊबीज होत नाही.

तालुका कोर्ट

वाटणीचे दावे चालवणारा वकील म्हणून दोघांच्याही मांडणीत भर घालतो. महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीने 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. केंद्राच्या दुरुस्तीत, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 पासून, विवाहित-अविवाहित हा भेद राहिला नाही. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

माझ्याकडे येणारे दावे क्वचितच पोटापाण्याच्या शेतीचे असतात. जमीन कोरडवाहू होती तोवर कोणी काही मागत नाही. महामार्गासाठी भूसंपादन होते, किंवा शहर सरकत गावापर्यंत येऊन प्लॉट पडू लागतात, आणि तीस वर्षे गप्प असलेली भावंडे कागद शोधू लागतात. कित्येकदा भावांनी मोबदला परस्पर उचललेला असतो आणि बहिणीला ते गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून कळते. म्हणून नाते कायद्याने बिघडले की जमिनीच्या भावाने, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बहीण आपला वाटा परक्याला विकेल ही भीतीही अनेक भाऊ बोलून दाखवतात. वारसाने आलेला हिस्सा एखाद्या वारसाला विकायचा असेल तर तो घेण्याचा अग्रहक्क, हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 नुसार, बाकीच्या वारसांना असतो आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

खाडीपलीकडची

मी डोंबिवलीत राहते. मी हक्कसोड पत्रावर सही केली आहे आणि आज पुन्हा वेळ आली तरी करीन. कृष्णाकाठताई, आपण सही करणाऱ्या प्रत्येक बाईला अजाण समजता, याचे मला दुःख होते. माझ्या वाट्यासाठी सर्वांत जास्त आग्रह माझ्या सासरच्यांचा होता. त्या पैशातून फ्लॅटचे कर्ज फिटावे अशी त्यांची इच्छा होती. वाटा घेतला असता तर माझ्या हाती काय राहिले असते? पैसा सासरी गेला असता आणि अडीअडचणीला जाण्याचे एकमेव ठिकाण मी स्वतःहून बंद केले असते. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा माझ्या भावाने दोन्ही मुलांची शाळेची फी भरली आणि त्याचा उल्लेखही कधी केला नाही. हे मी कोणत्या कलमात बसवू?

कृष्णाकाठ

ताई, आपल्या भावाविषयी मला आदरच वाटतो. आपल्याला अजाण म्हणण्याचा माझा हेतू नव्हता. तरीही विचारते: आपण सही नाकारली असती तर त्याने फी भरली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर सही करण्याची गरज नव्हती. ‘नाही’ असेल तर ती फी आपल्याच वाट्यातून आली. सासरचे लोक पैसा घेतील ही भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय म्हणून माहेरची जमीन सोडून देणे म्हणजे दोन्हीकडून रिकाम्या हाताने राहणे. जमीन विकायलाच हवी असे कोठे आहे? सातबाऱ्यावर नाव राहू द्यावे, भावाने कसावी, वर्षाला पायलीभर ज्वारी आली तरी चालेल. चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात कित्येक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. तेही लहान शेतकरीच होते आणि त्यांनी ते कोर्टाची पायरी न चढता केले.

कोरडवाहू

नाव राहू द्यायला माझी हरकत नाही. पण मग सोसायटीच्या कर्जात आणि आईच्या औषधपाण्यातही बहिणींचे नाव लागावे, हे मी आधी मागेन. आणि एक अडचण आपण शहरात बसून ओळखत नाही. सामाईक सातबाऱ्यावर पीककर्ज काढायचे तर बँक सर्व खातेदारांची संमती मागते. माझी एक बहीण वापीला असते. पेरणी तोंडावर असताना तिच्या सहीसाठी मी आठवडा घालवायचा का?

कृष्णाकाठ

कर्ज आणि औषधपाणी यांचा वाटा मागा, तो रास्त आहे, आणि तो त्याच कागदावर लिहून घ्या. सहीची अडचणही खरी आहे. पण माझा स्वतःचा धाकटा भाऊ हिंजवडीत नोकरी करतो, बारा वर्षांत त्याने बांधावर पाय ठेवलेला नाही, आणि दरवर्षी पीककर्जाच्या वेळी त्याच्या सहीसाठी मोठा भाऊ पुण्याला जातो. सही मिळणे अवघड जाते म्हणून त्याने हक्क सोडावा, असे आमच्या घरात अजून कोणी सुचवलेले नाही.