शतावरी अर्क, अल्सर मॉडेल: कंट्रोलमध्येच व्रण कमी, मदत हवी आहे

एमफार्मचा प्रोजेक्ट आहे, शतावरीच्या मुळांचा अर्क, विस्टर जातीचे रॅट, इंडोमेथॅसिन मॉडेल (या वेदनाशामकाने जठरात व्रण पाडायचे). अडचण अशी की नुसतं इंडोमेथॅसिन दिलेल्या ग्रुपमध्येच (कंट्रोल) 6 पैकी 2 रॅटना जवळपास व्रणच नाहीत, मग अर्काने जठर वाचवलं हे म्हणायचं कशाच्या जोरावर? 24 तास उपाशी ठेवलेले, पाणी चालू, अर्क आणि ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध, 20 मिग्रॅ/किलो) इंडोमेथॅसिनच्या तासभर आधी, दोन्ही सीएमसीमधूनच (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, औषध मिसळून द्यायचं द्रावण). पिंजरे मात्र भुशाचे होते, जाळीचे नाही, त्यामुळे भुसा नाहीतर स्वतःच्याच लेंड्या खाऊन पोट रिकामं राहिलं नसणार असा मला दाट संशय आहे. एथिक्स कमिटीची परवानगी याच मॉडेलला आहे, त्यामुळे अल्कोहोल किंवा पायलोरस (जठराचं खालचं तोंड) बांधायचं मॉडेल सुचवू नका प्लीज, आणि प्राणी 6च उरलेत, ते वाया घालवायचे नाहीत. जाळीच्या पिंजऱ्यात फक्त कंट्रोल ग्रुप परत घेतला तर चालतो, की सगळे ग्रुप एकदमच परत करावे लागतात?