ट्रॅक्टरला सर्वकामी कोणी केलं: फार्मॉलने की फर्ग्युसनने?

काळीमाती:
ट्रॅक्टरच्या इतिहासाचा विषय निघाला की सगळं श्रेय हॅरी फर्ग्युसनच्या थ्री-पॉइंट लिंकेजला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अवजार अडकवायच्या जोडणीला जातं. मला ते पटत नाही. एका ट्रॅक्टरवर सगळी शेती ओढून दाखवली ती अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या फार्मॉलने, १९२४ साली.

तेव्हा बाजारात हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरचा दबदबा होता. १९२२ मध्ये फोर्डने त्याची किंमत ३९५ डॉलरवर आणली आणि बाकीच्या कंपन्यांचं धाबं दणाणलं. पण फोर्डसन नांगरट करणार, पट्ट्यावर मळणी करणार, आणि मका गुडघ्याला लागला की नुसता उभा राहणार. कोळपणीला घोडे लागायचेच. ट्रॅक्टर घेऊनही दाणावैरणीचा खर्च काही सुटत नव्हता.

बर्ट बेंजामिन या इंजिनिअरने नेमकं तेच धरलं. मागचा धुरा (अ‍ॅक्सल) उंच, म्हणजे पीक खालून सुखरूप जातं. पुढची दोन चाकं जवळजवळ, दोन ओळींच्या मधून चालणारी. कोळप्याचे फण ड्रायव्हरच्या नजरेसमोर. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला आपोआप ब्रेक, त्यामुळे बांधाजवळ गाडी जागेवर फिरायची. पहिल्या वर्षी २०० च विकले, पण १९३२ पर्यंत हे पहिलं मॉडेल सव्वा लाखाच्या पुढे गेलं. फोर्डने १९२८ मध्ये अमेरिकेत फोर्डसन बनवणं बंदच केलं. अजून काय पुरावा पाहिजे?

टॉपलिंक:
भाऊ, तुम्ही कोळप्यावरच अडकलात. ते कोळपं फार्मॉलवर चढवायचं म्हणजे नट-बोल्टांचा पसारा. एकदा चढवलं की हंगाम संपेपर्यंत उतरवायचं कोणाच्या जिवावर येणार! फर्ग्युसनकडे तीन पिना, एक माणूस, काही मिनिटं.

आणि खरी करामत जोडणीत नव्हतीच, हायड्रोलिकमध्ये होती. नांगर जड लागला की टॉपलिंकवर, म्हणजे तिघांतल्या वरच्या दांड्यावर दाब येतो, लिफ्ट अवजार जरासं उचलते, भार मागच्या चाकांवर जातो. म्हणून हलका ट्रॅक्टरही चाक जागच्या जागी न फिरवता ओढतो. फोर्डसन पुढून उचलून मागे उलटायचा, माणसं मरायची. तो धोकाही या जोडणीने कमी केला. १९३९ चा फोर्ड-फर्ग्युसन, मग १९४६ ते ५६ कॉव्हेंट्रीला बनलेले पाच लाखांहून जास्त फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर. हार्वेस्टरने पन्नाशीच्या दशकात स्वतःची 'फास्ट हिच' नावाची जोडणी काढून बघितली. आज ती कुठे आहे आणि थ्री-पॉइंट कुठे आहे, शोरूममध्ये जाऊन बघा.

काळीमाती:
नांगरटीपुरतं मान्य. पण मान मागे वळवून कोळपणी करून बघा, दोन तासांत पीक किती राहतं ते कळेल. १९३९ च्या फार्मॉल-ए मध्ये इंजिन एका बाजूला आणि सीट दुसऱ्या बाजूला होती, फक्त ओळ सरळ खाली दिसावी म्हणून. शेतकऱ्याच्या नजरेचा इतका विचार फर्ग्युसनने केला नाही.

गॅरेजकाका:
दोघंही जरा थांबा. हार्वेस्टर पुढे का बुडाली तेही बोला. १९५८ चा फार्मॉल ५६०: इंजिन नवं, ताकद वाढवलेली, पण मागचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांना ताकद देणारे शेवटचे गिअर, जवळपास १९३९ च्या फार्मॉल-एम मॉडेलचाच. तो तुटायला लागला आणि कंपनीला ट्रॅक्टर परत बोलवावे लागले. तिथे गेलेला विश्वास जॉन डिअर या प्रतिस्पर्धी कंपनीने उचलला. १९८५ मध्ये हार्वेस्टरने शेतीचा धंदा केस या ट्रॅक्टर कंपनीच्या मालकांना विकला आणि अमेरिकेतल्या रॉक आयलंडचा फार्मॉल कारखाना बंद पडला.

आपल्याकडे १९६३ मध्ये महिंद्राने याच हार्वेस्टरशी हात मिळवले आणि कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर सुरू झाला. मॉडेल मात्र त्यांच्या इंग्लंडच्या कारखान्यातलं. म्हणजे घराणं फार्मॉलवाल्यांचं, पण मागे जोडणी तीन पिनांचीच.

पऱ्हाटीवाला:
काका, तेच तर दुखणं आहे ना! हार्वेस्टरचा लाल रंग आला, लिंकेज आलं, पोटाखालचं कोळपं मात्र तिकडंच राहिलं. आमच्या वऱ्हाडात नांगरट, वखरणी, पेरणी, सगळं ट्रॅक्टरनं होते. पऱ्हाटी (कपाशी) वर आली की डवऱ्याला, म्हणजे कोळपणीला, अजूनही बैलच. बैलजोडी ठेवणं परवडत नाही, भाड्यानं वेळेवर मिळत नाही. पाऊस उघडला की साऱ्या गावाला ती एकाच दिवशी पाहिजे. मग तणनाशक मारा. १९२४ मध्ये अमेरिकेत सुटलेलं कोडं आमच्या वावरात तसंच पडून आहे.

टॉपलिंक:
दादा, दोन एकराच्या तुकड्यात बांधाजवळ वळायलाच चार ओळी जातील. शिवाय आपल्याकडे ट्रॅक्टरचा हप्ता फिटतो तो ट्रॉलीवर आणि भाड्याच्या रोटाव्हेटरवर. उंच, पुढची चाकं जोडून तीनचाकीसारखं, फक्त ओळीत चालणारं यंत्र घेणार कोण?

पऱ्हाटीवाला:
तीनचाकी कोण मागते? १५-२० हॉर्सपॉवरचा, अरुंद टायरचा, पोट उंच असलेला द्या. द्राक्षवाल्यांसाठी छोटे ट्रॅक्टर निघाले ना? मग कापूस-सोयाबीनवाल्यानं काय घोडं मारलं?