चार नगरसेवकांचा प्रभाग मतदाराला घरी बसवतो का?

कोथरूडकर: महापालिकेला मतदान कमी होतं, त्याचं एक कारण ही प्रभाग पद्धत आहे असं माझं स्पष्ट मत. पुण्यात २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. दर वेळी हद्दी नव्या. ड्रेनेज तुंबलं तर चौघांपैकी फोन कुणाला लावायचा? केंद्रावर गेलं की अ, ब, क, ड अशी चार मतं द्या. आपला माणूस कोण हेच ठाऊक नसेल तर रांगेत कोण कशाला उभं राहील?

दादरवाला: आकडे उलटं सांगतात. मुंबईत २२७ वॉर्ड, सगळे एकाचे. तिथे २०१२ ला मतदान जेमतेम ४५ टक्के आणि २०१७ ला ५५. पद्धत तीच. फरक एवढाच की युती तुटली, सेना-भाजप समोरासमोर आले. त्याच वर्षी पुण्यातही, तुमच्या चारच्या प्रभागात, ५५ च्या आसपासच झालं. दोनच्या प्रभागापेक्षा जास्त!

कोथरूडकर: चुरस असली की लोक त्रास सोसून येतात, एवढंच यातून दिसतं. एकाचा वॉर्ड असता तर साठ झालं नसतं कशावरून?

दादरवाला: ‘असता तर’ हा पुरावा असेल तर मग मी उठतो.

नाशिकचा नाना: मूळ गोष्ट राहिलीच. आपला प्रभाग नावालाच बहुसदस्यीय. प्रत्येक जागेची लढत वेगळी, म्हणून लाट आली की एकच पक्ष चारही जागा नेतो आणि बाकीच्यांची मतं चारदा वाया जातात. मतांच्या प्रमाणात जागा मिळाल्या तर हरणाऱ्या पक्षाचा मतदारही बाहेर पडेल. न्यूझीलंडने १९९६ ला तशी पद्धत आणली, मतदान ८५ वरून ८८ टक्क्यांवर गेलं.

दादरवाला: आणि २०११ ला ७४ वर आलं, तेही सांगा की.

नाशिकचा नाना: घसरण तिथे आधीपासूनच होती. पद्धतीने ती थांबली नाही, हे खरं.

पिंपरीची वनिता: एकाचा वॉर्ड महिला आरक्षणात गेला की पुरुष नगरसेवक बायकोला उभं करतो नाहीतर शेजारचा वॉर्ड शोधतो. चारच्या प्रभागात दोन जागा बायकांच्या असतातच.

कोथरूडकर: चारच्या प्रभागातही बायकोच उभी राहते, ताई, फक्त नवऱ्यासोबत एकाच पॅनेलवर. आणि मुंबईला एकाचा वॉर्ड चालतो तो पुण्याला का नाही? पक्षांची सोय सोडून दुसरं कारण असेल तर सांगा.