गृहभेटीत आजींना धोका किती, हे कसं ठरवायचं?

संघकार्यकर्ता: मुलगा हात उचलतो अशी शंका आली, तर आजच हालचाल करायची की पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं? अंगावरचे वळ हा निकष पुरेसा आहे का?

वॉर्डसिस्टर: नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पलंगाची कड लागली तरी काळंनिळं पडतं. पण असे डाग बहुधा हातापायांवर असतात. कान, मान, दंडाची आतली बाजू इथे दिसले तर विचाराच. नेमकं विचारा, "गळा धरला होता का?" नुसतं "मारतो का" म्हटलं की "छे, चिडतो फक्त" एवढंच ऐकू येतं. गळा दाबल्यावर कित्येकदा बाहेर खूण उमटतच नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात. यांतलं काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर पक्षाघात काही दिवसांनीही येतो.

उंबरठा (टोपणनाव): मुलगा शेजारी बसलेला असताना मिळालेलं उत्तर धरूच नका. बीपी मोजायचं निमित्त करून आजींना आतल्या खोलीत न्या. महिन्याभरात मारहाण वाढली का, मुलगा दारू पितो का, एटीएम कार्ड आणि फोन कुणाच्या ताब्यात, हे विचारा. गोळ्यांची पाकिटं बघा. रोज एक गोळी, बिल 20 दिवसांपूर्वीचं, आणलेल्या 30 मधल्या 24 शिल्लक, म्हणजे औषध पोटात जात नाहीये. का, ते शोधा.

"तो तिच्याच पेन्शनवर जगतो, तो काय करणार?" हा तर्क उलटा आहे. कार्ड परत मागितलं किंवा बक्षीसपत्र रद्द करायचा विषय निघाला की धोका वाढतो. आधी राहायची सोय, मग बँक.

प्रांतकचेरी: गळा, हत्यार, जिवे मारण्याची धमकी यांतलं एक जरी असलं तरी बाकी खुणांची बेरीज करत बसू नका, थेट 112 ला फोन करा. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सल्ल्यासाठी चांगली, धावून येण्यासाठी नव्हे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अर्ज करता येतो, पण निर्वाहाच्या अर्जाचा निकाल लावायला 90 दिवसांची मुदत आहे आणि नोटीस मुलाच्या हातात पडते. आजींसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही आहे. त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत गेलात तर दंडाधिकारी मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेश देऊ शकतात.

संघकार्यकर्ता: आजी तक्रार नकोच म्हणाल्या तर?

उंबरठा: भान शाबूत असेल आणि जिवावरचा प्रसंग नसेल, तर त्यांचं ऐका. शेजारणीशी खूण ठरवून ठेवा, गॅलरीत लाल टॉवेल वगैरे. फक्त मुलाला 'समज द्यायला' जाऊ नका. तुम्ही जिना उतरलात की त्याचा राग आजींवरच निघतो.