फाइलसिस्टम मॉड्यूल बिल्ड करताना कर्नल सोर्स तंतोतंत तोच हवा का?

आयनोडवाला (धागाकर्ता):
लिनक्स कर्नलला (सिस्टमचा गाभा) बाहेरून जोडायचं मॉड्यूल बनवताना एक सल्ला वारंवार दिला जातो: त्याच नंबरचा मेनलाइन (मूळ, वितरकाचे बदल नसलेला) कर्नल उतरवा, मेकफाइलमधलं एक्स्ट्राव्हर्जन (नंबरची शेपटी) हाताने जुळवा, मॉड्यूल लोड होतं. फाइलसिस्टमसाठी हा सल्ला धोकादायक आहे. चालू कर्नल ज्या सोर्समधून आणि ज्या कॉन्फिगने बनला, त्याच्याच हेडर्सवर (कर्नलच्या रचनांच्या व्याख्या असलेल्या फाइल्स) बिल्ड करा.

‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ दिसलं की सगळे व्हरमॅजिकच्या, म्हणजे मॉड्यूलमध्ये कोरलेल्या ओळखीच्या ओळीच्या, मागे लागतात. पण त्यात असतं काय? रिलीजचा नंबर, एसएमपी (अनेक प्रोसेसर), प्रीएम्प्ट (चालू काम मध्येच थांबवण्याची सोय) असं मोजकंच. आता स्ट्रक्ट आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी रचना) उघडून बघा. कॉन्फिग_सिक्युरिटी चालू असेल तरच त्यात आय_सिक्युरिटी हा पॉइंटर असतो. दोन कॉन्फिगमध्ये एवढा जरी फरक पडला तरी पुढची फील्ड्स सरकतात. मॉड्यूल फाइलची लांबी म्हणून भलत्याच जागी लिहितं. साउंडचा ड्रायव्हर बिघडला तर आवाज जातो, इथे डेटा जातो.

सिम्बॉल:
असहमत. याचसाठी कर्नलमध्ये मॉडव्हर्जन्स ही सोय आहे. ते चालू असेल तर प्रत्येक एक्स्पोर्टेड सिम्बॉलचा (मॉड्यूल्सना वापरता येणारं फंक्शन किंवा व्हेरिएबल) सीआरसी, म्हणजे तपासणीचा अंक, त्याच्या टाइप्ससकट काढला जातो. स्ट्रक्ट बदललं की सीआरसी बदलतो आणि कर्नल स्वतःच मॉड्यूल नाकारतो. उलट तेव्हा व्हरमॅजिकमधला रिलीज नंबर तपासलाही जात नाही. मग नंबरचा एवढा अट्टहास कशाला? इंटरफेस जुळला की पुरे.

आयनोडवाला:
@सिम्बॉल, ते सीआरसी येतात मॉड्यूल.सिमव्हर्स या फाइलमधून. उतरवलेल्या सोर्सवर नुसतं ‘मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर’ चालवलं तर ती फाइल बनतच नाही, पूर्ण कर्नल बिल्ड करावा लागतो. शिवाय सीआरसीला टाइप कळतो, लॉक (एकाच वेळी दोघांनी डेटा बदलू नये म्हणूनचं कुलूप) कोणी घ्यायचा आणि कोणी सोडायचा हे कळत नाही. फाइलसिस्टममध्ये खरी मेख तिथेच असते.

पॅचकरी:
नंबरवर तर विसंबूच नका. आरएचईएल ८ चा (रेड हॅटचं लिनक्स) कर्नल ४.१८ म्हणवतो, पण त्यात पुढच्या आवृत्त्यांमधलं बरंच काही बॅकपोर्ट होऊन (जुन्या आवृत्तीत बसवून) आलेलं आहे. कोडमध्ये ‘व्हर्जन इतकं असेल तर’ अशा अटी घातल्या की तिथे हमखास फसतं. आयनोड ऑपरेशन्सना ५.१२ मध्ये यूजर नेमस्पेस हा आर्ग्युमेंट आला, ६.३ मध्ये त्या जागी एमएनटी_आयडीमॅप आला. ओपनझेडएफएस या फाइलसिस्टमचं कॉन्फिगर स्क्रिप्ट असल्या गोष्टी छोटे तुकडे कंपाइल करून तपासतं, मला तोच मार्ग पटतो. त्याला हेडर्स मात्र खरे लागतात, तेवढ्यापुरता धागाकर्त्याशी सहमत.

सिम्बॉल:
लॉकचा मुद्दा मान्य. पण मग तो तुमच्या उपायालाही लागू होतो! हेडर्स शंभर टक्के जुळले तरी जुन्या नियमांवर लिहिलेला कोड नव्या कर्नलवर बिनतक्रार कंपाइल होऊ शकतो. डीकेएमएस (मॉड्यूल आपोआप पुन्हा बिल्ड करणारं टूल) प्रत्येक अपडेटला हेच करतं: बिल्ड झालं की इन्स्टॉल. त्यामुळे डेटाची काळजी असेल तर कर्नल पॅकेज होल्डवर (अपडेट रोखून) ठेवा आणि मॉड्यूलच्या लेखकांनी जी आवृत्ती तपासली आहे तिथवरच जा.

आयनोडवाला:
होल्डवर ठेवायला माझी हरकत नाही, फक्त सिक्युरिटी पॅच अडकून राहतात. आणि कोणीही मॉडप्रोबला (मॉड्यूल लोड करणारी कमांड) ‘फोर्स’ लावू नका. त्याने व्हरमॅजिक आणि सीआरसी, दोन्ही तपासण्या एकदम बाद होतात.