मदत हवी आहे: मटण उलटायची आकडी घडवतोय, टोक मधोमध फाटतंय

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, कसबा बावड्यात राहतो. नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात. ओतकाम रोज डोळ्यांसमोर असतं, पण तापलं लोखंड ऐरणीवर ठोकून घडवणं हे काम वेगळं आणि मला ते मनापासून शिकायचंय. आजोळच्या बाजारात घिसाडी लोहार भाता लावून बसायचे. घरातली बाई सांडशी फिरवतेय, समोरून घणाचे घाव पडतायत आणि बघता बघता पट्टीचं खुरपं होतंय, हे मी तासन्‌तास बघत बसायचो.

पहिलं काम म्हणून आकडी निवडली. शेतात जाळीवर कोंबडीच्या तंगड्या आणि मटणाचे मोठे तुकडे भाजताना चिमटा लावला की मसाला चिमट्यालाच लागून येतो. आकडीचं टोक तुकड्याच्या कडेला अडकवून मनगट फिरवलं की तुकडा उलटतो आणि मसाला जागेवर राहतो. हातभर लांबी, मागे अडकवायला डोळा, मुठीजवळ पीळ, पुढे निमुळतं होत गेलेलं आणि बाजूला वळवलेलं टोक, एवढंच करायचंय. ना जोड, ना वेल्डिंग.

सामान असं: ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, त्याला खालून पाइप, हातानं फिरवायचा ब्लोअर आणि लाकडी कोळसा. ऐरण म्हणून उद्यमनगरातून भंगाराच्या भावानं आणलेला एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ पोलाद) जाड ठोकळा. किलोभराचा हातोडा, सांडशी, बाकाला बसवलेला व्हाइस. बार 10 मिमी चौकोनी एमएसचा.

अडचण टोकाशीच येते. निमुळतं करत गेलो की टोकाच्या मध्यावर आधी बारीक खळगा दिसतो, मग तिथूनच उभी फट पडते. तेवढं कापून परत सुरू केलं तरी तेच. शिवाय पीळ एका जागी घट्ट आणि बाजूला ढिला पडतो. बांधकामावरची टीएमटी सळई फुकट मिळते, ती चालेल का? आणि खाण्याच्या वस्तूला शेवटी काय लावायचं? रंग तर नको वाटतो. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

भावा, पहिलं काम बरोबर निवडलंयस. टोक फाटतंय ते बार पुरता तापत नाही म्हणून, आणि घाव हलके पडतायत म्हणून. हलक्या घावानं नुसती वरची कातडी पुढं सरकते आणि गाभा मागं राहतो. मग मध्ये खळगा पडणारच, आणि त्यावर ठोकत राहिलं की फट.

लांब सुळका काढायच्या नादाला आधी लागूच नकोस. बार पिवळसर केशरी होऊ दे. टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर ठेव, मागचा हात थोडा वर घे, आणि जोरदार घाव घालून फक्त पुढचा बोटभर भाग आखूड, बोथट टोकाचा कर. दोन घाव झाले की पाव फेरा फिरव, परत दोन घाव. टोक बंद झालं की मग मागं मागं येत लांबव. शेवटपर्यंत चौकोनीच ठेवायचं. हवी तेवढी लांबी मिळाली की कोपरे मारून अष्टकोन कर आणि मग गोल. सुरुवातीलाच गोल करायला गेलास तर आतून फुटतंय.

काळपट लाल झालं की हातोडा खाली ठेव, परत भट्टीत घाल. इथं घाई केली की काम गेलं.

लांबीचा हिशोबही सांगतो. चौकोनी बारचा टोकापर्यंत सरळ सुळका काढला तर त्यात तेवढ्याच लांबीच्या बारच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं लोखंड बसतं. म्हणजे 12 सेंटीमीटरचा सुळका हवा असेल तर 4 सेंटीमीटर बार पुरे. तापलेल्या लोखंडावर हवेनं धरणारी काळी खपली होऊन थोडं झडतं म्हणून साडेचार धर, तिथं खडूनं नव्हे, छिन्नीनं बारीक खूण कर. खडू भट्टीत टिकत नाही.

बार ब्लोअरच्या तोंडाशी खुपसू नकोस. तिथं वारा थेट लागतो आणि खपली भराभर धरते. निखाऱ्याचा ढीग उंच ठेव आणि बार मधल्या थरात आडवा घाल. बारमधून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या तर लोखंड जळालं समज. तेवढा तुकडा कापूनच टाकायचा.

प्रतिसाद २

दादा, मी धातूंच्या बाजूनं थोडं लिहिते.

टीएमटी सळईची बाहेरची कडक साल कारखान्यात गरम सळईवर पाणी मारून केलेली असते. तुम्ही ती लालभडक तापवली की ती साल राहत नाही, त्यामुळे घडवता येते. पण वरच्या रेघा ठोकताना आत दुमडतात आणि तिथं चिरा राहतात. शिकताना साधा एमएस बारच बरा. त्यात कार्बन साधारण 0.2 टक्के, म्हणून हाताला मऊ लागतो आणि पाण्यात बुडवून फारसा कडकही होत नाही. या आकडीला कडकपणाची गरजच नाही, हवेत निवू द्या.

तुम्ही फाउंड्रीत आहात म्हणून मुद्दाम सांगते, ओतकामातून उरलेले रनर-रायझरचे (साच्यात रस जायच्या वाटांत गोठलेल्या बिडाचे) तुकडे भट्टीत घालून ठोकू नका. बिडात कार्बन 3 टक्क्यांच्या वर असतो, ते घावाखाली पसरत नाही, फुटतं, आणि तुकडा डोळ्यांकडे उडू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं, काहीही भट्टीत नको. ना बार, ना तुमच्या ब्रेक ड्रमला लावलेला पाइप. जस्त 907 अंशांना उकळतं आणि भट्टी त्याच्या बरीच वर जाते. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पाइप चकचकीत रुपेरी असेल तर आजच बदला. भट्टी उघड्यावरच लावा, कोळशाच्या विषारी वायूला वासही नसतो. अंगात सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा.

शेवटचा हात असा: तारेच्या ब्रशनं खपली पूर्ण काढा. मग आकडी हाताला चटका बसेल त्याहून बरीच गरम, पण लाल न होईल इतकी तापवा आणि फडक्यानं तेलाचा अगदी पातळ थर पुसा. घाण्याचं जवसाचं तेल उत्तम, घरचं शेंगतेलही चालतं. बिडाच्या तव्याला करतो तेच. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसतेल मात्र नको, त्यात लवकर वाळायची रसायनं असतात. जाळावर टोकाचा थर जळणार, दर वेळी धुऊन पुसून तेलाचं बोट फिरवलं की झालं.

प्रतिसाद ३

पिळाबद्दल. जिथं जास्त लाल तिथं जास्त पिळतो, एवढंच त्याचं गणित. जेवढ्या लांबीत पीळ हवाय तेवढा भाग एकसारखा तापवा, व्हाइसमध्ये धरा, पान्यानं एका दमात फिरवा. मध्येच एक जागा पुढे पळाली तर तिथं डब्यातलं थोडं पाणी ओता, बाकीचा भाग तिला गाठतो. नंतर सरळ करताना लाकडी ठोकळ्यावर लाकडी मोगरीनं मारा, लोखंडी हातोड्यानं पिळाच्या धारा चेपतात.

क्रम: आधी डोळा, मग पीळ, टोक सगळ्यात शेवटी. बारीक टोक तयार करून ठेवलं आणि नंतर चुकून परत भट्टीत गेलं तर क्षणात जळतं.

धागालेखक

मनापासून आभार. पाइप जीआयचाच होता, काढून काळा एमएसचा बसवला. बोथट टोक आधी करून बघितलं आणि फट पडली नाही! घाव घालताना लोखंड चारी बाजूंनी एकदम पुढं सरकतंय हे पहिल्यांदाच हाताला जाणवलं. त्याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

एकच शंका उरली. आमच्याकडे शेतातल्या जेवणाला जाळीवर मामी असते आणि ती डावखुरी आहे. टोकाचं वळण तिच्यासाठी उलटं घ्यायचं का?

प्रतिसाद १

हो, उलटंच. उजव्या हाताची आकडी डाव्या हातात दिली की मनगट वाकडं करावं लागतंय आणि तुकडा जाळीवरनं घसरतो. लोखंड तापवायच्या आधी बांधकामाची जाड तार घे, पक्कडीनं दोन्ही बाजूंची वळणं करून मामींच्या हातात दे. थंड जाळीवर उकडलेला बटाटा ठेवून उलटून बघू देत. ज्या तारेनं मनगट सहज फिरतंय ती ऐरणीशेजारी ठेव आणि तिच्यावर बघून टोक वळव. वळवताना टोक नुसतं लाल पुरे, हलक्या घावानं ऐरणीच्या गोल कडेवर घे. टोक अगदी सुईसारखं नको, 3 मिमीच्या आसपास ठेव. त्याहून बारीक जाळात टिकत नाही.