सिलिअ‍ॅकची तपासणी पाच आठवड्यांवर आहे, तोवर गहू बंद करावा का?

मदत हवी आहे. बहीण, वय 26, राहणार अंबाजोगाईजवळ. चार महिन्यांपासून दिवसाला 3-4 वेळा पातळ शौचाला होतं, जेवलं की पोट फुगतं, वजन 6 किलो उतरलं. हिमोग्लोबिन 8.6, लोहाच्या गोळ्या तीन महिने घेऊनही वाढलेलं नाही. डॉक्टरांना सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होणारा आजार) शंका आहे. रक्ताची टीटीजी चाचणी लिहून दिली आहे, ती अजून केलेली नाही. लातूरला एन्डोस्कोपीची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. घरी रोज ज्वारीची भाकरी, पोळी फक्त सणावाराला. सगळे म्हणतात, गहू आजच बंद करा. करावा का? आणि तोवर खायला काय द्यायचं?

गोदाकाठ :
बंद करू नका, हे आधी. गव्हातलं ग्लूटेन पोटात जात असतं तोवरच शरीर ती प्रतिपिंडं बनवत राहतं, जी टीटीजी चाचणीत मोजतात. लहान आतड्यातली अन्न शोषणारी बारीक लव या आजारात झिजते; तीही ग्लूटेन थांबलं की हळूहळू भरून यायला लागते. मग आजार असूनही दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात, आणि निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खावा लागतो. तेव्हा त्रास आजच्यापेक्षा जास्त होतो.

पण तुमच्या घरात खरी अडचण दुसरीच आहे. ज्वारीत ग्लूटेन नसतं. बाजरी, नाचणी, तांदूळ, भगर यांतही नाही. म्हणजे बहीण नकळत जवळजवळ ग्लूटेनशिवायच जेवते आहे. ‘गहू बंद केला नाही’ एवढ्यावर भागणार नाही, तो ठरवून द्यावा लागेल. 100 ग्रॅम कणकेत साधारण 8 ते 10 ग्रॅम ग्लूटेन असतं, म्हणजे 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम. रोज दोन पोळ्या, एक दुपारी एक रात्री, एन्डोस्कोपीच्या दिवसापर्यंत. बाकी पोट भाकरीनं भरा. पोळी नको वाटली तर तेवढ्याच कणकेची वरणफळं करा. खपली गव्हातही ग्लूटेन असतंच, ‘खपली चालतो’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

भाकरतुकडा :
जेवणाबद्दल सांगते दादा. गहू ठेवायचाच आहे, तर पोटावरचं बाकीचं ओझं कमी करा. लव झिजली की दूध पचवणारं विकरही कमी पडतं, म्हणून दूध, चहातलं जास्त दूध, खवा, पेढे थांबवा. ताजं दही आणि पातळ ताक बहुतेकांना सोसतं. कच्चा कांदा, लसूण, हरभऱ्याची डाळ, बेसनाचं पिठलं यांनी गॅस वाढतो. हे सगळं एकाच जेवणात आलं की पोट फुगणारच, आणि दोष एकट्या पोळीच्या माथी जातो. त्याऐवजी मुगाचं वरण, मऊ भात, ज्वारीच्या कण्या, दोडका, दुधी, उकडलेलं अंडं, पिकलेलं केळ. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्यापेक्षा पाच वेळा थोडं थोडं.

पातळ शौच झाली की ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, मोठं पाकीट असेल तर पूर्ण 1 लिटरमध्ये. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजानं टाकू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. इथे मीठ जास्त पडणं हीच नेहमीची चूक, म्हणून चमचा बोटानं सपाट करा.

मेडिकलवरून मेट्रोनिडॅझोल (जंतूंवरचं औषध) किंवा लोपरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) मनानं आणू नका. जिआर्डिया हा परजीवी अगदी अशीच लक्षणं दाखवतो. अर्धवट औषध घेतलं की शौचाच्या तपासणीत तो सापडत नाही आणि गोंधळ वाढतो. शौचाची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

लॅबचा बाक :
टीटीजीसाठी पाच आठवडे थांबायचं कारणच नाही, रक्त उद्याच द्या. उपाशी पोटी असण्याची गरज नाही. मात्र चिठ्ठीवर दोन गोष्टी हव्यात: टीटीजी आयजीए आणि टोटल आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार). सिलिअ‍ॅकच्या साधारण 2 ते 3 टक्के रुग्णांत आयजीए मुळातच फार कमी असतं, त्यांचा टीटीजी खोटाच निगेटिव्ह येतो. तसं निघालं तर आयजीजी प्रकारची चाचणी करतात. आधीच गहू कमी खात असल्यानं निगेटिव्ह आलं तरी एन्डोस्कोपीची तारीख रद्द करू नका.

एन्डोस्कोपीत तपासणीसाठी आतड्याचे बारीक तुकडे किती घेणार, हे न संकोचता विचारा. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) दुसऱ्या भागातून किमान 4 आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून 1-2 हवेत, कारण लव ठिकठिकाणी झिजते, सलग नाही. फक्त आत बघून ‘सगळं छान आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. आणि आपल्याकडे ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशातला आतड्याचा आजार), जिआर्डिया यांतही लव झिजते, म्हणून रक्त आणि तुकडे दोन्ही जुळवूनच निदान ठरतं.

धागाकर्ता :
रक्त उद्याच देतो. पण पोळी खाल्ल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या तर?

गोदाकाठ :
तर डॉक्टरांना फोन करा, मनानं बंद करू नका. ते मात्रा एका पोळीवर आणतील, तारीख अलीकडे घेतील किंवा एचएलए डीक्यू2-डीक्यू8 ही जनुकीय चाचणी सांगतील. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद होतो, पण असली म्हणून आजार ठरत नाही, निरोगी माणसांतही ती बऱ्याचदा असतात.

उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली, हातापायांत गोळे येतात, शौचात रक्त आहे, ताप येतो किंवा उभं राहिलं की चक्कर येते, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. लोहाच्या गोळीनं शौच काळी होते, तेवढ्यावर घाबरू नका. डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल तर मात्र लगेच सांगा.